सकाळच्या बाई, दुपारच्या बाई

बाईंनी मला खोली दिली ती एका चुकीच्या उत्तराबद्दल.

साताऱ्याहून माझी सांगलीला बदली झाली होती. वीज कंपनीच्या कार्यालयात बसून लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, हे माझं काम. कोणीतरी गावभागातल्या एका गल्लीचा पत्ता दिला. दार उघडलं ते एका ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पांढरेशुभ्र केस घट्ट बांधलेल्या बाईंनी. नाव नाही, गाव नाही, पहिलाच प्रश्न आला, “उष्णता आणि तापमान यांत फरक काय?”

मी गडबडले. पण तक्रारखात्यात काम केलेल्या माणसाला ठाम बोलायची सवय असते. म्हटलं, “काही फरक नाही. दोन्ही एकच.”

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. “साफ चूक. पण ठाम आहेस. ठाम चुकणाऱ्याला शिकवता येतं. गुळमुळीत बरोबर असणाऱ्याचं काही करता येत नाही. सामान कधी आणतेस?”

हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगा आणि सून पुण्यात. घर जैनांचं, त्यामुळे खालच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण-बटाट्याला मज्जाव. मी खात असणार हे त्यांनी न विचारताच गृहीत धरलं. “वर शिजव. वास खाली येता कामा नये. येणारही नाही. गरम हवा वर जाते. म्हणून तर भाडेकरू वरच्या मजल्यावर ठेवते.”

मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. मी ‘सातारकर’. “ए सातारकर, तुझ्या खोलीतला पंखा चालू राहिलाय. वीज कंपनीची असलीस म्हणून काय झालं?”

गल्लीत त्यांचा दरारा होता आणि गंमतही होती. कोणाची लग्नपत्रिका आली की त्या लाल पेन्सिलीनं ऱ्हस्वदीर्घ सुधारून, खाली ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारून परत पाठवायच्या. लग्नाला जायच्या, आहेरही करायच्या, पण पत्रिका परत जायची. मोपेड इतकी हळू चालवायच्या की शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत मारत पुढे निघून जाई. आणि पदराच्या गाठीला कायम बेदाणे. बोलता बोलता गाठ सुटायची, चार बेदाणे तोंडात जायचे, गाठ बसायची. समोरच्याला कधी विचारायच्या नाहीत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “बाई हुशार, पण खादाड.”

समोर टेलरमास्तरांचं दुकान होतं. पन्नाशी उलटलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा हा माणूस शाळेत बाईंचा विद्यार्थी होता आणि बाईंच्या दृष्टीनं अजूनही शेवटच्या बाकावरच बसत होता. बाई त्यांना ‘गाढवा’ म्हणत, आणि मास्तर ते ‘मास्तर’ म्हटल्यासारखंच ऐकून घेत.

पहिला प्रकार मी पाहिला तो राहायला आल्यावर महिन्याभरात. सकाळी पाणी भरायला खाली उतरले, तर अंगणात बाई हातात झारी घेऊन मोपेडला पाणी घालत होत्या. धूत नव्हत्या. तुळशीला घालावं तसं, हळूहळू, चाकाच्या बुडाशी घालत होत्या.

“बाई, काय करताय?”

त्यांनी वळून पाहिलं. डोळे माझ्यावर होते, पण मी त्यांच्यात कुठं पोचत नव्हते. कपाळावर घामाचे थेंब. “सुकलीय गं,” त्या म्हणाल्या. “पानं बघ कशी झालीत.”

मी हाक मारली तसे मास्तर दुकानातून धावत आले. त्यांच्या बायकोनं कपभर चहा आणला. बाईंनी पिण्याऐवजी कप कानाला लावला आणि त्या कानडीत कोणाशी तरी बोलल्या. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं. शेवटी मास्तरांच्या बायकोनं गोड बोलून बोलून चहा पाजला. थोड्या वेळानं बाईंनी डोळे मिचकावले, ओला पदर पाहिला आणि माझ्यावर गरजल्या, “सातारकर, अंगणात एवढं पाणी कोणी सांडलं?”

मास्तर दाढी खाजवत म्हणाले, “आवं बाई, तुमी मोपेडला पानी घालत हुता.”

“तू गप. सकाळीसकाळी काहीतरी बडबडू नकोस.”

“न्हाई, उपाशीपोटी हुतं असं कवाकवा. रोज्याला मलाबी चक्कर येती. पर मी मोपेडला पानी न्हाई घालत.”

मास्तर थट्टेत जे बोलून गेले त्यातच सगळं होतं, पण हे कळायला आम्हाला पुढं दीड वर्ष लागलं.

बाईंचा नेम कडक होता. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि सकाळी देवळात जाऊन आल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा नाही. नवरा गेल्यावर त्यांनी हा नेम घेतला होता. दुपारच्या बाई तल्लख, खट्याळ, कोणाचं ऐकून न घेणाऱ्या. सकाळच्या बाई मात्र कधी कोण असतील याचा भरवसा नव्हता. रोज व्हायचं असंही नाही. मधे कित्येक दिवस सुरळीत जायचे. मग एखाद्या सकाळी त्या चष्मा भाजीच्या टोपलीत ठेवून गाजर डोळ्यांना लावायच्या, नाहीतर दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायच्या.

या सकाळच्या बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त साहेब रोज फिरायला जात. त्यांच्या डोक्यावर केसांचा टोप आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कोणालाच ठाऊक नाही असं सगळे वागत. एकदा बाईंनी त्यांना भर रस्त्यात थांबवलं आणि मायेनं म्हणाल्या, “टोपी उलटी घातलीय बाळा. शाळेत असं जायचं नाही.” साहेब त्या दिवसापासून मागच्या गल्लीनं जाऊ लागले.

मास्तरांची पाळी त्याहून मोठी. एका सकाळी बाई दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या सायकलची हवा सोडणारा तूच.” मास्तरांच्या हातातली कात्री खाली पडली. सायकलचा जमाना कधीच संपला होता. त्या दिवशी मास्तरांच्या मशीनचा आवाज दुपारपर्यंत आला नाही.

माझी आई साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन चार दिवस राहायला आली होती, तेव्हाही एक सकाळ तशी उगवली. आईनं मला बाजूला घेतलं. “अगं, हे बाहेरचं आहे. कोणीतरी काहीतरी केलंय.” तोवर मी एक पेढा बाईंच्या तोंडात घातला होता, त्यांनी दुसरा मागून घेतला होता, तिसरा स्वतः उचलला होता. चौथा संपवता संपवता त्या म्हणाल्या, “बाहेरचं काही नसतं हो. जे काय असतं ते आतलंच असतं. पेढे मात्र बाहेरचे, उत्तम आहेत.” आईला वाटलं, पेढ्याला देव पावला.

हसण्यावारी नेण्याचे दिवस एका सकाळी संपले. देवळाच्या वाटेवर बाई कोसळल्या. हातापायांना झटके येऊ लागले. मास्तरांनी आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ग्लुकोजचं सलाइन लागलं, तासाभरात त्या उठून बसल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला सलाइन थेंबाथेंबानं का पडतं ते समजावून सांगू लागल्या. पण झटके आलेले सगळ्यांनी पाहिले होते. फिट्स आहेत, असं ठरलं. गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी सकाळच्या बाई थांबल्या नाहीत, दुपारच्या बाई मात्र कमी होऊ लागल्या. पेंगायच्या. पत्रिका सुधारायच्या राहून जायच्या. एकदा ‘शुभविवाह’ची वेलांटी दीर्घ छापलेली पत्रिका आली आणि त्यांनी ती नुसतीच कपाटात ठेवून दिली. मला रडू आलं.

पुण्याहून मुलगा आला. सूनही आली. मुलगा भला माणूस, पण घाबरट. आईशी बोलताना अजून प्रगतिपुस्तक दाखवायला आल्यासारखा उभा राहायचा. सून कमी बोलणारी. सासू-सुनेचं भांडण असं कधी नव्हतं. भांडायला जेवढी सलगी लागते तेवढीही नव्हती. एकमेकींना त्या परक्या घरच्या पाहुण्यांसारख्या जपून वागवायच्या. सून स्वयंपाकघरात यायची ती “मी येऊ का?” असं विचारून.

मुलगा म्हणाला, “आई, आता एकटीनं राहायचं नाही. घर बंद करू. पुण्याला चल. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते म्हणतात.”

“कोण म्हणतं? त्याला माझ्यासमोर आण.”

खरोखरच एका डॉक्टरांकडे नेलं. दुपारची वेळ. त्यांनी विचारलं, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत चला. बाई सात वजा करत शेवटच्या दोनापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, “आता तुम्ही तेरा वजा करत चला. मी बघते.” डॉक्टरांनी वय झाल्याचं निदान कायम ठेवलं, बहुधा थोड्या रागानंच.

त्या संध्याकाळी, जेवण उरकल्यावर, बाईंनी मला खाली बोलावलं. उजेड होता अजून. पायरीवर बसल्या होत्या.

“सातारकर, खरं सांग. मी मोपेडला पाणी घातलं होतं?”

“घातलं होतं, बाई.”

त्यांनी अंगणातल्या मोपेडकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माझ्या लहानपणी आमच्याकडे एक आत्या होती. वेडी म्हणून मागच्या खोलीत ठेवलेली. तिचं जेवण मी घेऊन जायचे. जेवायच्या आधी ती मला ओळखायची नाही. जेवली की माझी वेणी घालून द्यायची आणि गोष्ट सांगायची. मी घरात सगळ्यांना सांगत फिरायचे की आत्या जेवली की शहाणी होते. कोण ऐकतंय पोरीचं? तिला काय झालं होतं ते आता कोणाला कळणार नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला मरायची भीती नाही गं. पण एकेक खोली बंद करत करत जायचं, आणि कुठली बंद झाली तेही आपल्याला कळायचं नाही, याची वाटते.”

मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी एकदम मान वर केली. शाळेत मुलांना प्रयोगाला उभं करताना त्यांचा चेहरा असाच होत असणार.

“निरीक्षण सांग. मत नको, निरीक्षण. कधी होतं?”

“सकाळी.”

“दुपारी झालंय कधी?”

“नाही. ... एकदा. तुम्ही उपास केला होता तेव्हा.”

“थांबतं कशानं?”

“चहा. पेढे. बेदाणे.”

“कोऱ्या चहानं? बिनसाखरेच्या?”

मी आठवून पाहिलं. मास्तरांच्या बायकोचा चहा म्हणजे पाकच असायचा. “नाही, बाई. गोडच.”

बाईंनी मांडीवर थाप मारली. “मग हे डोकं बिघडलेलं नाही. डोकं उपाशी राहतंय. अगं, मेंदू म्हणजे वजनानं शरीराचा पन्नासावा भाग. पण एकटा पाचवा हिस्सा खातो. आणि घरात शिल्लक काही ठेवत नाही. हातावर पोट असलेला राजा आहे तो. रक्तातली साखर पोचली नाही की संपलं. नववीला शिकवलंय मी हे! फुकट शिकवलं.”

“पण बाई, तुमची साखर तपासली होती ना? उपाशीपोटी?”

इथं त्या जरा वरमल्या. “तपासली होती. चांगली आली.” मग पदराच्या गाठीकडे बघत म्हणाल्या, “देवळातून तिकडं जाताना रिक्षात चार बेदाणे खाल्ले होते. बेदाणे म्हणजे काय जेवण का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. तिथले एक मोठे फिजिशियन त्यांचे विद्यार्थी निघाले. बाईंना पाहून ते खुर्चीतून उठले, आणि बाई “बस” म्हणेपर्यंत बसले नाहीत. बाईंनी निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष असं ओळीनं मांडलं. डॉक्टर सुरुवातीला हसत होते. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी कागदावर एक आकृती काढली.

“बाई, इन्शुलिनचं काम रक्तातली साखर पेशींकडे पाठवायचं. जेवल्यावर ते वाढायला पाहिजे, उपाशी असताना कमी व्हायला पाहिजे. पण स्वादुपिंडात कधी कधी एक लहानशी गाठ होते. ती कोणाला न विचारता इन्शुलिन सोडत बसते. तुमच्या पोटात काही नसलं तरी. तुमचे बेदाणे, हे वाढलेलं वजन... शरीर आपलं आपण सांभाळून घेत होतं. पण खात्री करायला तुम्हाला दवाखान्यात ठेवून उपाशी ठेवावं लागेल. तीन दिवसपर्यंत. सारखं रक्त तपासत.”

“उपास करायला दवाखान्यात?” बाई खो खो हसल्या. “अरे, तरुणपणी भाद्रपदात दहा दिवस नुसत्या पाण्यावर काढलेली बाई मी. घरी फुकट होतं ते इथं खाट अडवून कशाला करू?”

“घरी रक्त कोण काढणार?”

“मास्तर. सुई आहे त्याच्याकडे.”

शेवटी दाखल झाल्या. आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत जेवण झालं. डॉक्टरांनी पदराची गाठ स्वतः सोडून बेदाणे जप्त केले आणि हात जोडून माफी मागितली. मुलगा आणि सून पुण्याहून आलेच होते.

तीन दिवस लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलगा-सुनेसाठी डबा घेऊन खोलीत शिरले, तेव्हा सकाळच्या बाई आलेल्या होत्या. उशीवर घाम. नजर आरपार.

डॉक्टर वाकून म्हणाले, “बाई, मी कोण?”

“बेडूक उलटा धरलायस,” बाई म्हणाल्या. “पोट वर पाहिजे. दरवर्षी सांगायचं का?”

परिचारिका रक्त काढत होती. मुलगा पुढे झाला. “आई, मी...” बाईंनी त्याला नीट पाहिलं आणि खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं, “हा रडका आहे. याला पुढच्या बाकावर घ्या.” त्या अवस्थेतही आम्हाला हसू आलं. मुलाला आलं नाही, कारण तो रडत होता.

सून खाटेच्या पायाशी उभी होती, नेहमीसारखी जरा लांब. बाईंनी हात पुढे केला. सून मागे वळून बघू लागली, दुसऱ्या कोणाला तरी बोलावत असतील म्हणून. बाईंनी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि जवळ ओढलं.

“हिला जाऊ देऊ नका,” त्या म्हणाल्या. “या घरात ही एकटी शहाणी आहे. मी हिला कधी बस म्हटलं नाही. ही उभीच राहिली.”

सुनेचा चेहरा मी पाहिला आणि खिडकीकडे बघू लागले. तेवढ्यात साखरेचा आकडा आला. डॉक्टरांनी तो पाहिला, मान हलवली आणि शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. त्या वेळी मला माझं खातं आठवलं. वीज कमी पडली की आम्ही आधी रस्त्यावरचे दिवे घालवतो, दवाखान्याची लाइन शेवटपर्यंत चालू ठेवतो. बाईंचंही तसंच होत असणार. श्वास, काळीज चालू. आधी जायची ती रीतभात, भिडभाड, चारचौघांत काय बोलू नये याची समज.

दिवे परत आले. बाईंनी डोळ्यांची उघडझाप केली, सुनेचं मनगट आपल्या हातात पाहिलं आणि चटका बसल्यासारखं सोडलं.

“काय तमाशा लावलाय? चहा कुठाय?”

डॉक्टरांनी टाळी वाजवली. दवाखान्यात कोणाची साखर एवढी खाली गेली म्हणून टाळी वाजवणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

गाठ सापडली. वाटाण्याएवढी. पण स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया म्हणजे खेळ नव्हे. डॉक्टरांनी धोके लपवले नाहीत. मुलगा म्हणाला, “गोळ्यांवर भागत असेल तर बघू. दर दोन तासांनी खात जा. नेम सोड.” बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं, जे एरवी होत नसे.

“नेम सोडायला माझी हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “जीव राखायला नेम मोडता येतो. पण मला उरलेलं आयुष्य घड्याळ बघून चरायचं नाही. वाटाण्याएवढी गाठ माझं डोकं चालवते, हे मला मान्य नाही. माझं डोकं मला परत पाहिजे. काढा.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी मास्तर दुकान बंद ठेवून मिरजेला आले. त्यांनी दर्ग्यात चादर चढवली, मुलानं देवळात अभिषेक सांगितला आणि मी कार्यालयात फोन करून त्या भागाची वीज जाणार नाही ना याची तीनतीनदा खात्री करून घेतली. दुपारी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, “निघाली.” मास्तर मटकन बाकावर बसले. सून उभीच होती. मी तिला हाताला धरून बसवलं.

सर्वांची अशी समजूत झाली होती की गाठीबरोबर बाईंचा तऱ्हेवाईकपणाही जाईल. गल्लीत बायका बोलायच्या, “आता बाई साध्या होतील.” मलाही धाकधूक होती. मोपेड, लाल पेन्सिल, गरम हवा वर जाते, यातलं नेमकं कुठलं गाठीचं होतं आणि कुठलं बाईंचं?

घरी आल्यावर आठ दिवसांनी कपाटातली ती जुनी पत्रिका बाहेर निघाली. दीर्घ वेलांटीवर लाल फुली बसली. तोवर त्या जोडप्याला मूल झालं होतं. पत्रिका तरीही परत गेली.

बेदाणेही पुन्हा पदरात आले. मी म्हटलं, “बाई, आता कशाला?”

“तेव्हा शरीर मागत होतं. आता मी मागते.”

फिटच्या गोळ्या बंद झाल्या आणि बाई चालायला लागल्या, तशी त्यांनी मला एका दुपारी बरोबर घेतलं. “आजारात मी कोणाकोणाला काय काय बोलले ते तुला पाठ आहे. चल.”

मला वाटलं, माफी मागायची आहे. माझा गैरसमज मास्तरांच्या दुकानात दूर झाला.

“गाढवा, मी तुला हवा सोडणारा म्हणाले होते म्हणे. तेव्हा माझी साखर कमी होती.”

“असू द्या बाई. आजारी मानसाचं काय मनावर घ्यायचं?”

“आता साखर बरोबर आहे. बेदाणे खाऊन आलेय. म्हणून पुन्हा विचारते. माझ्या सायकलची हवा कोण सोडायचं?”

मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला. दाढीतून हसू फुटलं. “मीच वो बाई. लय येळा. तुमी चालत गेला की तास उशिरा सुरू व्हायचा.”

“मला तेव्हाही माहीत होतं. पुरावा नव्हता.” आणि त्यांनी गाठ सोडून चार बेदाणे मास्तरांच्या हातावर ठेवले. कोणाला बेदाणा देताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

साहेबांना आम्ही मागच्या गल्लीत गाठलं. ते पळायच्या बेतात होते. बाई अत्यंत आदबीनं म्हणाल्या, “त्या दिवशी मी म्हणाले ते चूक होतं. तो उलटा नव्हता.” साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी त्यांच्या कपाळाच्या वर जरा बारकाईनं पाहिलं. “आज आहे.”

सून या सगळ्या दिवसांत रजा काढून सांगलीतच राहिली होती. पथ्याचा स्वयंपाक, जखमेची पट्टी, सगळं तिनंच केलं, पण ती मनगटाची गोष्ट दोघींपैकी कोणी काढली नाही. ती परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी तिघी स्वयंपाकघरात होतो. बाई पाटावर बसून शेंगा फोडत होत्या, मी मदत करत होते, सून ओट्याशी उभी होती.

“बस,” बाई म्हणाल्या.

सून बसली. काही शेंगा फोडल्या. मग खाली बघतच म्हणाली, “आई, एक विचारू? दवाखान्यात, तपासणीच्या दिवशी, तुम्ही मला काहीतरी म्हणाला होता.”

“मला आठवत नाही. पण सातारकरनं सांगितलंय.”

“ते...” तिनं टरफल बाजूला ठेवलं. “ते साखर कमी होती म्हणून बोललात ना?”

बाईंनी एक शेंग फोडली, दाणे नीट पाहिले, सुनेच्या ओंजळीत टाकले.

“हो. साखर कमी होती म्हणूनच.”

सुनेचा चेहरा उतरला. ती “बरं” म्हणून उठू लागली.

“ऐकून घे पुढं. अर्धवट उत्तर घेऊन उठायचं नसतं. खोटं बोलायला डोकं चालवावं लागतं. आधी खरं काय ते आठवायचं, मग ते लपवायचं, मग दुसरं रचायचं, वर चेहरा सांभाळायचा. केवढी साखर लागते त्याला! माझ्याजवळ तेव्हा थेंबभर नव्हती.”

सुनेनं डोळ्याला पदर लावला नाही, कारण तिनं पंजाबी ड्रेस घातला होता. तिनं बाईंचाच पदर लावला. बाईंनी लावू दिला. बेदाण्यांची गाठ तिच्या गालाला टोचत होती, ती त्यांनी जरा बाजूला सरकवली.

मग माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत, दुपारच्या त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आणि हे माझ्या पोराला कळता कामा नये. कळलं तर मी साफ नाही म्हणेन. आता माझ्याकडे साखर भरपूर आहे.”